दार कितव्या वर्षी उघडावं? निवडक शाळा आणि प्रवेशाचं वय



आजचा विषय संयोजकांनी 'निवडक शाळा आणि प्रवेशाचं योग्य वय' असा जाहीर केलाय. ऐकायला तो शिक्षणखात्यातला वाटतो. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. कोणत्या शाळेचा फॉर्म कधी निघतो हे मी सांगणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी पाहणार आहे ते वेगळं. एखादी शाळा जेव्हा म्हणते, 'आम्ही मुलं निवडून घेतो, आणि ती अमुक वयातच घेतो', तेव्हा त्या 'अमुक वया'च्या मागे तिनं कोणतं कारण धरलेलं असतं, आणि ते कारण तपासून पाहिलं तर टिकतं का?

वाघोलीत हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. २०२१ साली आपलं गाव पुणे महापालिकेत आलं. एका बाजूला खराडीच्या आयटी कंपन्यांत जाणाऱ्या आईवडिलांच्या सोसायट्या, दुसऱ्या बाजूला दगडखाणींत राबणाऱ्यांच्या वस्त्या. सोसायटीतलं मूल तिसरीत गेलं की घरात चर्चा सुरू होते : पाचवीला बसवायचं का, सहावीला, की थांबायचं? खाणीवरच्या घरात ही चर्चा होतच नाही. का होत नाही, त्याकडे मी शेवटी येईन. कारण माझ्या मते योग्य वयाचं उत्तर तिथेच सापडतं.

आधी आपल्याभोवतीची दारं पाहू. सदाशिव पेठेतली ज्ञान प्रबोधिनी प्रशाला पाचवीला मुलं निवडते. नवोदय विद्यालय सहावीला. साताऱ्याची सैनिकी शाळा, १९६१ साली निघालेली, देशातली पहिली, तीही सहावीला घेते आणि नववीला पुन्हा थोड्या जागा भरते. डेहराडूनचं राष्ट्रीय भारतीय सैनिकी महाविद्यालय आठवीला, म्हणजे साडेअकरा ते तेरा या वयात. डून स्कूल सातवी-आठवीला. आणि छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था, १९७७ पासूनची, थेट दहावीनंतर. दहा, अकरा, बारा, तेरा, सोळा. मुलाच्या बुद्धीला फळासारखी पिकण्याची एक ठरलेली वेळ असती, तर एवढ्या शहाण्या माणसांनी इतक्या वेगवेगळ्या वेळी तोडणी केली असती का?

म्हणजे वय मुलाकडे बघून ठरलेलं नाही. मग ते कशाकडे बघून ठरतं? पुष्कळदा शाळांच्या इमारतीकडे बघून. आपल्याकडे चौथीला प्राथमिक शाळा संपायची आणि पाचवीपासून हायस्कूल सुरू व्हायचं, म्हणून पाचवीचं दार. शिष्यवृत्ती परीक्षेचंच घ्या. ती चौथी-सातवीला होती. शिक्षणहक्क कायद्यानं प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंत नेला, तेव्हा ती पाचवी-आठवीला गेली. आता ती परत चौथी-सातवीला आणायचा निर्णय झालाय. या सगळ्यात महाराष्ट्रातल्या मुलांचे मेंदू काही मागेपुढे झाले नाहीत. टप्पे हलले.

इंग्लंडमध्ये याहून गमतीची गोष्ट झाली. १९२६ साली हॅडो समितीनं अहवाल दिला. त्यात अशा अर्थाची उपमा होती की अकराव्या-बाराव्या वर्षी मुलांच्या अंगात एक भरती यायला लागते, तेव्हाच त्यांना पुढच्या शिक्षणाच्या प्रवाहात सोडावं. पुढे १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षाची परीक्षा देशभर रूढ झाली आणि तिच्यावर लाखो मुलांचं पुढचं आयुष्य ठरू लागलं. पण त्याच देशात श्रीमंतांची मुलं ईटन, विंचेस्टरसारख्या शाळांत तेराव्या वर्षी जात होती. म्हणजे गरिबांच्या मुलांना भरती अकराव्या वर्षी यायची आणि श्रीमंतांच्या मुलांना तेराव्या! ज्याच्या घरी तयारीच्या शाळेची फी भरायला पैसे होते, त्याच्या मुलाला उमलायला दोन वर्षं जास्त मिळाली.

आपण हसतो, पण आपल्या परंपरेत याचं अधिक स्पष्ट रूप आहे. गृह्यसूत्रं आणि मनुस्मृती उपनयनाचं वय सांगतात. उपनयन म्हणजे गुरूच्या शाळेतला प्रवेशच की. ब्राह्मणाला आठवं वर्ष, क्षत्रियाला अकरावं, वैश्याला बारावं, आणि तेही गर्भापासून मोजून. मुलाला विशेष ब्रह्मतेज हवं असेल तर ब्राह्मणानं ते पाचव्याच वर्षी करावं, अशी सवलत मनुस्मृतीत आहे. महत्त्वाकांक्षी पालकांना लवकरचं दार, ही कल्पना काही आजची नाही! वरची मर्यादाही आहे : सोळा, बावीस, चोवीस. आणि शूद्रांना? त्यांच्यासाठी वयच सांगितलेलं नाही, कारण दारच नाही. म्हणून मी म्हणतो, प्रवेशाचं वय हा शाळेचा कबुलीजबाब असतो. तिला आत कोण हवंय, आणि ती त्याच्यात काय शोधतेय, हे ती वयातून सांगून टाकते.

या परंपरेला उलटा विचार मराठीत जोतीराव फुल्यांनी मांडला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मागितलं की प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. इथेही वय आहे. पण ते 'इथून पुढे आत या' असं सांगणारं नाही, 'इथपर्यंत कुणालाही बाहेर काढू नका' असं सांगणारं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तीच भूमिका दिसते. कलम ४ म्हणतं, शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्या. कलम १३ प्रवेशासाठी चाळणी लावायला मनाई करतं. नवोदय आणि सैनिकी शाळांना हा कायदा 'विनिर्दिष्ट प्रवर्ग' असं वेगळं नाव देतो, आणि तिथे परीक्षा चालूच आहे. दोन तत्त्वं एकाच देशात शेजारीशेजारी नांदतात.

आता निवडक शाळांची बाजू तिच्या सगळ्यांत भक्कम रूपात घेऊ. कच्च्या बाजूवर टीका करणं सोपं असतं, त्यातून काही शिकायला मिळत नाही. ती भक्कम बाजू पुण्यातच आहे. अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, १९६९ साली प्रशाला काढली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : बुद्धिमान मुलं समाजात सगळ्या थरांत असतात, पण त्यांची बुद्धी समाजाच्या कामी येतेच असं नाही. तेव्हा त्यांना शोधावं, एकत्र आणावं, आणि त्यांच्यात नेतृत्वाची आणि समाजाबद्दलच्या बांधिलकीची घडण करावी. घडणीला वर्षं लागतात, म्हणून पाचवीपासून. हा विचार कोचिंग क्लासच्या जाहिरातीसारखा नाही. त्यामागे ध्येय आहे, आणि या शाळेनं महाराष्ट्राला कामाची माणसं दिली आहेत, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

पण युक्तिवाद म्हणून पाहिलं, तर त्यात एक फट आहे. निवड होते बुद्धीच्या चाचणीवर. पाचवीचं वय मात्र समर्थित होतं घडणीच्या कारणानं. दहाव्या वर्षी आकृत्यांमधला क्रम ओळखणारं मूल पंचविसाव्या वर्षी लोकांसाठी झिजेल, हे चाचणीतून कळत नाही. ती तसा दावाही करत नाही. मग दोनच शक्यता राहतात. घडणीत खरोखर ताकद असेल, तर ती न निवडलेल्या मुलांवरही चालायला हवी, आणि निवडीची गरज कमी होते. किंवा घडण निवडलेल्यांवरच चालत असेल, तर निवड घडणीला उपयोगी अशा गुणाची व्हायला हवी, आणि तो गुण दहाव्या वर्षी मोजता येत नाही. गंमत अशी की याचं उत्तर प्रबोधिनीनं स्वतःच कृतीतून दिलंय. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिनं धाराशिव जिल्ह्यात हराळीला शाळा काढली. तिथे सुरुवात गरजेपासून झाली, बुद्ध्यांकापासून नाही.

बुद्धिमापनाचा इतिहासही इथे आठवायला हवा. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली चाचणी केली, ती हुशार मुलं वेचायला नव्हे. वर्गात मागे पडणारी, जादा मदत लागणारी मुलं ओळखायला केली. पुढे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, आणि कामत-बिने हे नाव आपल्याकडच्या मानसशास्त्रात रूढ झालं. या चाचणीचा आत्मा एकच आहे : मुलाला त्याच्या वयाच्या मुलांशी ताडून बघायचं. बहुतेक प्रवेशपरीक्षांत नेमकं हेच सुटतं.

नीट बघा. सैनिकी शाळेच्या सहावीला दहा ते बारा वर्षांची मुलं बसतात. नवोदयच्या परीक्षेतही दोन वर्षांहून अधिक अंतराची मुलं एकाच यादीत येतात. दहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. तेवढं जास्त जगलेलं, जास्त वाचलेलं, जास्त भाषा ऐकलेलं मूल आणि ते न मिळालेलं मूल यांना कच्च्या गुणांवर एका रांगेत उभं केलं, तर आपण काही अंशी जन्मतारीखच मोजतो. वर्गातली थोरली मुलं धाकट्यांच्या पुढे दिसतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळलंय. वय वाढत जातं तसा हा फरक विरत जातो. पण यादी तोवर लागून गेलेली असते.

म्हणजे उशिरा निवडावं, एवढंच माझं म्हणणं आहे का? थांबा. एक तुलना करू. साताऱ्याची शाळा, डेहराडूनचं महाविद्यालय आणि संभाजीनगरची संस्था, तिघांचं मुख्य ठिकाण एकच : इथून जवळच असलेलं खडकवासल्याचं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं दार, जे साडेसोळाच्या पुढे उघडतं. एक शाळा त्यासाठी दहा-बाराव्या वर्षी मुलं उचलते, दुसरी बाराच्या आसपास, तिसरी दहावीनंतर. तिसरीची मुलंही अधिकारी होतात. याचा अर्थ लवकर उचलणं ही त्या ध्येयाची आवश्यक अट नाही. ती एक सोय आहे, शाळेची आणि काही कुटुंबांची. आणि मुलींसाठी तर २०२० नंतरची दोन-चार वर्षं येईपर्यंत यांतलं कुठलंच वय योग्य नव्हतं. सैनिकी शाळा, डेहराडून, खडकवासला, सगळी दारं त्यांना आत्ता आत्ता उघडली.

पण उशिराच्या बाजूलाही खोट आहे, आणि ती मोठी आहे. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानं १९६२ च्या एका निबंधात एक कल्पित समाज उभा केलाय. तिथे योद्ध्यांना फार मान. पूर्वी योद्धे श्रीमंत घराण्यांतूनच निवडले जायचे. सुधारणा झाली आणि ठरलं, आता सगळ्यांची परीक्षा घ्यायची, ताकदवान असेल तो योद्धा. झालं काय? निवडले गेले पुन्हा श्रीमंतच, कारण बाकीचे अर्धपोटी होते. परीक्षा प्रामाणिक होती, तरी संधी समान नव्हती. आता याला वय लावून बघा. परीक्षा जितकी उशिरा घ्याल, तितकी उपासमार जास्त वर्षं चाललेली असेल. ज्या मुलाच्या शाळेत पाच वर्गांना दोन शिक्षक आहेत, त्याला आठवीपर्यंत थांबा म्हणणं म्हणजे त्याचं नाव आधीच खोडणं.

म्हणूनच नवोदयचा सहावीचा निर्णय मला समजतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही योजना वाढली. अगदी पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीचं. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, राहणं-जेवण-शिकणं मोफत. तालुक्याच्या गावापासून दूर राहणाऱ्या मुलाला अकराव्या वर्षी उचललं, तर त्याला मिळणारी शाळा त्याच्या हातातल्या शाळेपेक्षा खरोखर वेगळी असते. इथे लवकरचं वय हा हात आहे, बुडणाऱ्याला दिलेला.

पण सोसायटीतल्या मुलाचं काय? त्याची आत्ताची शाळा बरी आहे, घरात पुस्तकं आहेत, आई गणित घेते. दहाव्या वर्षी निवड झाल्यानं त्याच्या पदरात जे पडतं, त्यात नवीन शिकण्यापेक्षा शिक्काच जास्त असतो. 'मी निवडलेला' किंवा 'मी राहिलेला'. दोन्ही शिक्के दहा वर्षांच्या जिवाला जड आहेत. राहिलेल्याचा तर फारच. त्यानं काही चूक केलेली नसते. जून ऐवजी एप्रिलमध्ये जन्मला असता, तर कदाचित यादीत असता.

तेव्हा योग्य वय हा मुलाचा गुणधर्मच नाही, ते एक नातं आहे. मुलाच्या हातात आज असलेली शाळा आणि समोरची शाळा यांत जितकं जास्त अंतर, तितका लवकर प्रवेश समर्थनीय. अंतर कमी असेल, तर घाई करण्याचं कारण मुलाच्या हिताबाहेर शोधावं लागतं, आणि ते बहुधा शेजाऱ्याच्या घरात सापडतं. आज आपण नेमकं उलटं करतो. ज्यांना घाईची गरज नाही, त्यांचे क्लास तिसरीपासून सुरू, आणि ज्यांना आहे, त्यांना फॉर्म कधी निघाला हेही कळत नाही.

एवढं झालं तरी चुकीचा प्रश्न उरतोच. कोणत्याही वयात निवडा, चूक होणारच. मग चूक दुरुस्त करायची सोय काय? प्लेटोला लोक हुकूमशाही वृत्तीचा म्हणतात, पण त्याच्या 'रिपब्लिक'मध्ये निवड एकदाच होत नाही. विसाव्या वर्षी एक, तिसाव्या वर्षी दुसरी, मग पाच वर्षं तत्त्वचर्चा, पंधरा वर्षं प्रत्यक्ष कारभार, आणि पन्नाशीनंतर अखेरची. शिवाय सोन्याच्या घरात पितळ निपजलं तर ते खाली आणि पितळेच्या घरात सोनं निपजलं तर ते वर, असंही तो बजावतो. तुलनेला नवोदयचा नियम पाहा : सहावीची निवडपरीक्षा एका मुलाला आयुष्यात एकदाच देता येते. त्या दोन तासांत ताप असेल, घरी कुणी गेलं असेल, तर संपलं. नववी-अकरावीला रिकाम्या जागांवर प्रवेश आहे, पण तो कुणी गळलं तरच. वयाच्या चर्चेत आपण इतके गुंततो, की दार किती वेळा उघडतं हा त्याहून मोठा प्रश्न विचारायचा राहतो.

आता वाघोलीकडे वळू. १९९३ च्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं भारतीय जैन संघटनेनं लातूर-धाराशिवकडची सुमारे १२०० मुलं पुण्याला आणली. त्यातून आपल्या गावात शैक्षणिक पुनर्वसनाचं केंद्र उभं राहिलं. त्या मुलांचं प्रवेशाचं योग्य वय कोणतं होतं? भूकंपानं गाठलं ते. इथल्याच खाणींवर 'संतुलन' संस्थेनं पाषाण शाळा चालवल्या, जिथे पालक दगड फोडत होते तिथेच. त्यांनीही मुलाचं वय विचारलं ते त्याला कुठल्या वर्गात बसवायचं हे ठरवायला, बाहेर ठेवायला नाही. निवडक शाळा मुलाला विचारते, तू माझ्या लायक आहेस का? या शाळांनी प्रश्न फिरवला : मी तुझ्या कामाची आहे का? दुसरा प्रश्न विचारला, की वय आपोआप ठरतं.

निवडक शाळा बंद करा, असं माझं म्हणणं नाही. पण निवडीचा अधिकार हवा असेल, तर सिद्ध करायची जबाबदारी शाळेची, मुलाची नव्हे. तिला चार प्रश्न विचारा. गुण वयानुसार ताडून बघता का? दोन-तीन वर्षांनी दुसरं दार, राखीव जागांसह, उघडता का? तुमच्या परीक्षेची तयारी पैसे न मोजता होईल, अशी तुम्ही काय व्यवस्था केलीत? आणि चौथा : जी मुलं तुम्ही घेतली नाहीत, त्यांच्या शाळांसाठी तुम्ही काय करता? चौथ्याचं उत्तर नसेल, तर त्या शाळेनं फक्त चांगली मुलं गोळा केली आणि निकाल आपल्या नावावर लावला, एवढंच म्हणता येईल.

आणि पालकहो, तुमच्यासाठी एकच. तुमच्या मुलाची आजची शाळा बरी असेल, तर थांबायला भिऊ नका. तेराव्या वर्षी ते स्वतः सांगेल, मला तिकडे जायचंय किंवा नाही जायचं. दहाव्या वर्षी ते तुमच्या चेहऱ्याकडे बघून हो म्हणतं. हातात दोन वर्षं आहेत, तोवर खाणीवरच्या एखाद्या मुलाच्या घरी नवोदयचा फॉर्म पोचवा. त्याला ती दोन वर्षं नाहीत.

आता तुमचे प्रश्न घेऊ.